एका बाटलीतले दोघे

निरोप वाण्याच्या फोनवर आला. खीमजीने दुकानाच्या पायरीवर येऊन दुसऱ्या मजल्याकडे मान वर केली आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक ठोकली, "ओ शशिकांतकाका! स्कॅनवाले का फोन आया! आपका जोडी मिल गया! कल सुबह, खाली पेट!"

बासष्टीतल्या विधुराला ही कसली जोडी मिळाली म्हणून समोरच्या बिल्डिंगीतले दोन पडदे हलले. शशिकांतराव ओशाळले, पण आतल्या आत त्यांना हसूही आलं. त्यांच्या लग्नाच्या वेळी मुलगी सांगून यायला एवढे दिवस लागले नव्हते.

भानगड अशी होती. स्टेशनपासून थोड्या अंतरावर नुकतंच एक स्कॅन सेंटर निघालं होतं. मशीन जुनं, कुठल्याशा मोठ्या इस्पितळाने काढून टाकलेलं, पण भाईंदरकरांना त्याचं केवढं अप्रूप. पोटाचा फोटो उठून यावा म्हणून शिरेत एक औषध द्यावं लागे, त्याला तिथे सगळे कॉन्ट्रास्ट म्हणत. बाटली महाग, आणि एकदा उघडली की ठेवता येत नाही. म्हणून सेंटरने आपली रीत काढली होती: पोटाचे दोन पेशंट जमले की एका बाटलीत दोघांना बसवायचं, ज्याच्या-त्याच्या वजनाप्रमाणे वाटून. दुसरा मिळेपर्यंत पहिल्याने घरी वाट बघायची. शशिकांतरावांच्या लिव्हरवर सोनोग्राफीत एक डाग दिसला होता, आणि तो डाग पोटात घेऊन ते गेले कित्येक दिवस दुसऱ्याच्या आजाराची वाट बघत होते.

हा डाग कुणाला सांगावा हा प्रश्नच होता. मूलबाळ नव्हतं. बायको वासंती जाऊन तिसरं वर्ष. गिरगावातली खोली देऊन दोघं इथे फ्लॅटमध्ये आली, तिला स्वतंत्र संडासाची फार हौस होती, आणि दीड वर्षात ती हौस उपभोगून बाई निघून गेली. मागे उरला फ्लॅट आणि त्यात एकटे शशिकांतराव. शेजारी वाईट नव्हते, पण दारं बंद ठेवणारे होते. डोंबिवलीला एक भाचा होता, स्वप्नील, पण त्याला 'ये' म्हणायचं म्हणजे आधी 'का' ते सांगावं लागलं असतं. शशिकांतराव सकाळी खाली उतरत, खारी आणि दूध घेत. खीमजी तराजूत साखर घालता-घालता विचारी, "खाना हो गया, काका?" हे म्हणत, "हो गया." मग वर जात, आणि दिवसभरात बोलण्यासारखं तेवढंच असे.

सेंटरवर टेक्निशियन होती गिरिजा नावाची. चटपटीत, तिशीच्या आतली मुलगी. तिने आल्या-आल्या विचारलं, "काका, सोबत कोण?"

"भाचा येतोय मागून," शशिकांतराव म्हणाले. कसं तोंडातून गेलं कुणास ठाऊक.

बाकावर त्यांची जोडी आधीच येऊन बसली होती. अनसूयाबाई, खाडीकाठच्या मोरवा गावच्या; त्यांच्याही लिव्हरवर सोनोग्राफीत काहीतरी दिसलं होतं. पन्नाशीची अंगापिंडाने भक्कम बाई, आणि तिच्याभोवती अख्खं घर: मुलगा लवू, सून, दोघी बहिणी, पाच वर्षांची नात सोनू. पोटाचा फोटो काढायला आलेत की साखरपुड्याला, कळू नये. दोघांच्या पुढ्यात नारंगी सरबतात कालवलेल्या औषधाचा एकेक तांब्या आला. तासाभरात घोटघोट करून संपवायचा. अनसूयाबाईंनी पहिला घोट घेतला आणि तोंड असं केलं की सोनू खिदळली.

"भाऊ, तुमी बी घ्या," त्या म्हणाल्या. "मी एकटीच कशाला मरू."

शशिकांतरावांनी ग्लास उचलला. समोर बसून कुणीतरी आपल्याबरोबर काही पितंय, या गोष्टीला किती महिने झाले असतील? औषध कडवट होतं, पण त्यांना ते बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

गिरिजा कागद घेऊन आली. औषध अंगाला सोसेल ना ते कळावं म्हणून मासे चालतात का, अंगावर कधी पित्त उठलं होतं का, असं विचारायची तेव्हा पद्धत होती. "मासं?" अनसूयाबाई म्हणाल्या, "मोरव्याची हाय मी. मना मासं चालत न्हाय तर कुनाला चालतात?" सगळा बाक हसला. शशिकांतरावही हसले, आणि आपण हसल्याचा आवाज त्यांना जरा परका वाटला.

"आता वजन. आमचा काटा दुरुस्तीला गेलाय, दोघांनी नीट सांगा," गिरिजा म्हणाली. "औषध त्याच्यावर आहे. बघा काका, औषधाशिवाय लिव्हरही करडं आणि त्यातला डागही करडा. औषध भरलं की लिव्हर उजळतं आणि डाग वेगळा दिसतो. पण माणूस जेवढा जड, तेवढं औषध जास्त लागतं. दोघांच्या आमटीचं मीठ पाच जणांच्या पातेल्यात टाकलं तर चव लागेल का?"

अनसूयाबाईंचं वजन काल रात्री भाताच्या वखारीत झालं होतं. मुलांनी पोत्यांच्या काट्यावर उभं केलं होतं. सहासष्ट. शशिकांतरावांना आठवायचीही गरज पडली नाही. "बहात्तर," ते म्हणाले.

हा आकडा वासंतीचा होता. चौपाटीवर फिरायला गेलं की ती त्यांना स्टेशनवरच्या वजनाच्या मशीनवर चढवायची, तिकीट स्वतः वाचायची, मग शेजारणींना सांगायची, "आमच्याकडे बहात्तरच्या खाली कधी काटा आलेला नाही." जसा काही तिने कमावलेला होता. ती गेल्यावर त्यांनी मशीनवर पाय ठेवला नव्हता. पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोकं पाडली होती खरी, पण पट्टा जुना झाला की ताणतोच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांनी वजन घटलंय का विचारलं तेव्हाही ते खुशाल 'नाही' म्हणाले होते. माणूस वाळलाय हे त्याला स्वतःला कसं कळणार? ते दुसऱ्याने सांगायचं असतं, आणि सांगणारी भिंतीवर फोटोत होती.

सहीची वेळ आली, भाचा काही येईना. लवूने न विचारता पेन घेतलं. "द्या, मी करतो. आता एका बाटलीतले ना आपण," तो म्हणाला, आणि नातेवाईक म्हणून त्याने सही ठोकली. शशिकांतरावांनी खिडकीबाहेर पाहिलं, कारण डोळ्यात काहीतरी आलं होतं.

गिरिजाने दोन मोठ्या सिरिंज भरल्या, एकीवर शशिकांत, दुसरीवर अनसूया, अशा पट्ट्या चिकटवल्या. शशिकांतरावांची जरा जास्त भरली. आधी हेच आत गेले. औषध शिरेतून गेलं तशी घशातून ओटीपोटापर्यंत गरम लाट उतरली, तोंडात लोखंडाची चव आली. "श्वास घ्या, धरून ठेवा," काचेपलीकडून गिरिजाचा आवाज आला. त्यांनी धरला.

बाहेर आले तेव्हा पट्टा हातात होता आणि दुसऱ्या मुठीत पँटची कंबर. अनसूयाबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ओ भाऊ, तुमी बहात्तर? म्हंजे माझ्याहून जड?" आणि त्या पोट धरून हसल्या. "तुमी दोन माझ्यात मावाल!"

शशिकांतरावांना राग आला. अंगकाठीच तशी आहे आमची, असं काहीसं ते पुटपुटले. अनसूयाबाई हसतच आत गेल्या.

डॉक्टर मुंबईहून आले ते घाईतच. परतीची गाडी ठरलेली. जोडीचे म्हणून दोघांना एकदमच आत बोलावलं, पाठोपाठ लवू. दिव्याच्या पेटीवर दोन्ही फिल्म शेजारी-शेजारी लटकत होत्या. डॉक्टरांनी शशिकांतरावांच्या फिल्मवर पेन ठेवलं. "वा! असा फोटो आमच्या मशीनवर येत नाही सहसा. हा बघा तुमचा डाग. कडेकडेने औषध भरत गेलंय ना? रक्तवाहिन्यांचा पुंजका आहे नुसता. जन्मापासूनचा असेल. काही करायचं नाही. घरी जा."

शशिकांतराव उभ्या जागी हलके झाले. मग त्यांची नजर शेजारच्या फिल्मवर गेली. त्यांचं लिव्हर पांढरंस्वच्छ उजळलेलं, त्यातल्या शिरा मोजून घ्याव्यात अशा. बाईंचं सगळं राखेसारखं, एकाच करड्या रंगात.

"जरा डल आलंय, सर," गिरिजा म्हणाली.

"अंगाने जाड आहेत, एवढं चालायचंच. दिसण्यासारखं काही नाही. सोनोग्राफीवाल्याला भास झाला असणार." डॉक्टरांनी अनसूयाबाईंकडे मान वळवली. "मावशी, तुमचंही साफ आहे."

मीठ, शशिकांतरावांच्या मनात आलं. पाच जणांच्या पातेल्यात दोघांचं मीठ. आणि उरलेलं कुठे गेलं, ते शेजारच्या फिल्मवर लखलखत होतं. पण ही नुसती शंका होती. मोठे डॉक्टर समोर उभे होते, शिकलेले. आपण कोण? शशिकांतरावांनी तोंड उघडलं नाही.

बाहेर तर एकच गलका झाला. बहिणींनी अनसूयाबाईंच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, सून रडायला लागली, लवूने शशिकांतरावांचे दोन्ही हात धरून गदगदा हलवले. "भाऊ, आता मोरव्याला चला," अनसूयाबाई म्हणाल्या. "सकालपासून उपाशी हाव. भात नि कालवन हाय. चला म्हंते ना!"

ते गेले. जाऊ नये असं मनात आलं होतं, पण पाय चालत राहिले. दोन रिक्षा केल्या. शशिकांतरावांना अनसूयाबाई आणि लवूच्या मध्ये कोंबलं. दोन्ही बाजूंनी माणसांची ऊब, केसांच्या तेलाचा वास, कुणाचा तरी कोपर बरगडीत. घरी गेल्यावर पाट मांडतील, ताट वाढतील, घ्या हो अजून म्हणतील. एवढ्यासाठी माणसाने गप्प बसलं तर काय बिघडलं? डॉक्टरच म्हणालेत साफ आहे. असेलही साफ. शशिकांतरावांना ते साफ असायला हवं होतं, अगदी स्वतःच्या पोटापेक्षा जास्त.

"सोनूला घ्या वो मांडीवर," लवू म्हणाला. सोनू येऊन बसली. रिक्षा एका खड्ड्यातून गेली, पोरीने अंग चोरलं आणि मागे वळून सांगितलं, "आजी, ह्या आजोबांची हाडं टोचतात."

सगळे हसले. शशिकांतरावांनी आपल्या मांडीकडे पाहिलं. पोरीच्या फ्रॉकखाली पँटचं कापड होतं, आणि कापडाखाली काही नव्हतं.

"रिक्षा थांबवा," ते म्हणाले. कुणी ऐकलं नाही. मग ते ओरडले, गिरगाव सोडल्यापासून पहिल्यांदा ओरडले, "अहो, थांबवा रिक्षा!"

वजन चुकलंय माझं, म्हणत त्यांनी दोन्ही रिक्षा सेंटरकडे परत वळवल्या. पुढचं सगळं तिथे रस्त्यावरच झालं. सेंटरच्या शेजारी रद्दीवाला होता, त्याचा मोठा काटा होता. पेपरांचे गठ्ठे बाजूला करून शशिकांतराव चपला काढून त्यावर चढले. एका बाजूला मोरव्याचं घर, एका बाजूला गिरिजा, आणि पायरीवर घड्याळ बघत डॉक्टर. रद्दीवाल्याने वजनं टाकली, काढली, परत टाकली.

"उनचास, काका."

"नीट बघ," शशिकांतराव म्हणाले.

"कागज तोलता हूँ, काका, रोज. उनचास."

कुठे बहात्तर आणि कुठे एकोणपन्नास. शशिकांतराव काट्यावरून उतरेचनात. गिरिजाने हात दिला. डॉक्टर आत गेले, पेटीचा दिवा लावला, आणि बराच वेळ करडी फिल्म बघत राहिले. गाडी गेली असावी. बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. "यावरून काही सांगता यायचं नाही. मगाशी मी घाई केली. परत करू. दोन-चार दिवस मध्ये जाऊ देत, मग पूर्ण बाटली, मावशींना एकट्यांना." आणि शशिकांतरावांकडे वळून म्हणाले, "तुम्ही जेवत नाही का हो?"

लवूचा चेहरा लाल झाला होता. "परत सुई? परत तो कडू सरबत? वजन ठावं न्हाय तर सांगायचा कशाला?" तो म्हणाला. "आईच्या वाटचा घेतला तुमी!" खोटं काय होतं त्यात? सुनेने सोनूला उचलून घेतलं. अनसूयाबाई रिक्षात जाऊन बसल्या होत्या, त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. त्यांनी एकदा शशिकांतरावांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. दोन्ही रिक्षा मोरव्याच्या रस्त्याला लागल्या. मधल्या जागेत आता कुणी दुसरं बसलं असणार.

घरी आल्यावर शशिकांतरावांनी वासंतीच्या फोटोसमोर उभं राहून सांगितलं, "एकोणपन्नास." मोठ्याने सांगितलं. मग स्वयंपाकघरात गेले. कुकर फळीवर पालथा होता, त्यावर धूळ होती. त्यांनी तो धुतला, मूठभर तांदूळ घेतले, पुन्हा डब्यात टाकले. एकट्यासाठी किती घ्यायचे असतात ते त्यांना कधी समजलंच नव्हतं. बशीत खारी घेतली आणि चहात बुडवून खाल्ली.

आपला डाग निरुपद्रवी निघाला याचा आनंद व्हायला हवा होता. कुणाजवळ करायचा तो? आणि आनंद करायला बसलं की करडी फिल्म डोळ्यापुढे येई. तिच्यात काही निघालं तर त्या घरावर आकाश कोसळणार, आणि नाही निघालं तर बाईला फुकट सुया टोचायला लावणारा म्हातारा म्हणून आपण त्यांच्या लक्षात राहणार. दोन्हीकडून ताट गेलंच होतं. हे सगळं त्यांना रिक्षात असतानाच कळलं होतं.

अनसूयाबाईंच्या दुसऱ्या फोटोचा दिवस कुठला ते गिरिजाकडून कळलं. त्या दिवशी ते सेंटरवर गेले, पण आत गेले नाहीत. समोर चपलांचं दुकान होतं, त्याच्या फळीखाली उभे राहिले. मोरव्याचं घर आलं. या वेळी फक्त लवू आणि सून, आणि अनसूयाबाई मध्ये, डोक्यावर पदर घट्ट ओढलेला. आत गेले. ऊन सरकत शशिकांतरावांच्या पायांवर आलं, मग गुडघ्यांवर. आत कुणीतरी म्हणत असेल, श्वास घ्या, धरून ठेवा. शशिकांतरावांनी आपला धरून बघितला. सुटला.

कितीतरी वेळाने लवू बाहेर आला. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याने सोड्याची बाटली घेतली, वळला, आणि त्याला चपलांच्या दुकानाशी शशिकांतराव दिसले. तो थबकला. मग रस्ता ओलांडून आला. त्याचे डोळे सुजले होते.

"डाग हाय," तो म्हणाला. "बारका हाय. डॉक्टर बोलला, आताच दिसला म्हणून कापून काढता येईल. न्हायतर..."

वाईट वाटलं असं शशिकांतरावांनी म्हणावं, की बरं झालं म्हणावं? दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही तोंडात घोळून राहिलं. लवू बाटली घेऊन परत गेला. सेंटरच्या दारात गेला, आत नाहीसा झाला. संपलं, असं म्हणून शशिकांतरावांनी घराकडे तोंड केलं.

"ओ भाऊ!"

लवू पुन्हा रस्ता ओलांडत येत होता, हातात बाटली तशीच. जवळ येऊन तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आई आतून विचारते, तुमी जेवलाव का?"

'हो' ओठांवर तयार होतं. खीमजीला रोज देत तेच. पण खीमजी विचारता-विचारता साखर तोलायचा, उत्तराला थांबायचा नाही. लवू उभा राहिला होता. मागून एक हातगाडीवाला येऊन ओरडला तरी तो बाजूला झाला नाही.

रद्दीवाल्याच्या काट्यावर चढताना जड गेलं होतं, त्याहून हे जड गेलं.

"नाही," शशिकांतराव म्हणाले.